विश्लेषण : जलविद्युत केंद्रांना पाण्याच्याच भोवऱ्याचा धोका का?

सूर्य मावळला की सौर पॅनेल थांबतात आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ही तूट काही मिनिटांत भरून काढू शकतात ती जलविद्युत केंद्रे. २०३०पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. त्यामुळे जलविद्युत केंद्रांना दिवसातून अनेकदा चढउतार करावे लागणार. पण बहुतेक जुनी टर्बाइन एका ठरावीक प्रवाहावर सलग चालण्यासाठी घडवलेली आहेत. त्यापेक्षा कमी भारावर चालवली, तर त्यांच्या पोटात काय होते?

सायानो-शुशेन्स्काया केंद्रात काय घडले?

सायबेरियातील येनिसेई नदीवरचे हे केंद्र रशियातील सर्वांत मोठे. प्रत्येकी ६४० मेगावॉटचे १० संच, एकूण क्षमता ६४०० मेगावॉट. १७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी संच क्रमांक दोनच्या टर्बाइनवरचे झाकण उडाले. पाण्याच्या दाबाने शेकडो टनांचा रोटर वर फेकला गेला, यंत्रगृह पाण्याखाली गेले आणि ७५ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत दिसले की, झाकण धरून ठेवणारे बोल्ट सततच्या कंपनांमुळे धातू थकून आधीच तडकलेले होते. वीजमागणीनुसार भार कमी-जास्त करण्याचे काम त्या दिवशी याच संचाकडे होते. त्यामुळे ज्या टप्प्यात यंत्र चालवू नये अशी शिफारस होती, त्या टप्प्यातून ते वारंवार जात होते. देखभालीतील त्रुटी हेही मोठे कारण होतेच. पण कंपने मोजली जातात की नाही आणि मोजल्यावर कोणी ऐकते की नाही, हा प्रश्न या दुर्घटनेने जगापुढे ठेवला.

भोवरा तयार कसा होतो?

मध्यम उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘फ्रान्सिस’ पद्धतीचे टर्बाइन असते. झडपांमधून आलेले पाणी गोल फिरत चक्रावर आदळते, आपली फिरकी चक्राला देते आणि खालच्या रुंद होत जाणाऱ्या नळीतून जवळपास सरळ बाहेर पडते. या नळीला ड्राफ्ट ट्यूब म्हणतात.

हे गणित जुळते ते ठरावीक प्रवाहावर. भार कमी करण्यासाठी झडपा मिटत आणल्या की पाण्यात फिरकी शिल्लक राहते. मोरीत पाणी जाताना गरगरते, तसे ते चक्राखाली गरगरू लागते. त्यातून बूच काढण्याच्या स्क्रूसारखा पीळदार भोवरा तयार होतो. त्याच्या गाभ्यात दाब इतका घटतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते. चक्राच्या साधारण तीन-चार फेऱ्यांमागे या भोवऱ्याची एक फेरी होते आणि प्रत्येक फेरीला नळीच्या भिंतीवर दाबाचा हिसका बसतो. हिसक्यांची ही लय यंत्राच्या किंवा जलवाहिनीच्या नैसर्गिक लयीशी जुळली, तर वीजनिर्मितीही हेलकावे खाऊ लागते. अभियंत्यांनी हे १९४०च्या सुमारासच नोंदवले होते.

संगणकावर हे कळत नाही का?

काही प्रमाणात कळते. द्रवाच्या प्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण ती खळाळत्या प्रवाहासाठी पूर्णपणे सोडवणे अवघड. मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान, अशी उतरंड असते. मोठ्या टर्बाइनमधील प्रत्येक भोवरा हिशेबात धरण्याची ताकद आजच्या महासंगणकांतही नाही. म्हणून संगणकीय प्रारूपात लहान भोवऱ्यांच्या जागी अंदाज घालावा लागतो. वाफेच्या बुडबुड्यांचा हिशेब आणखी कठीण. अंदाज बरोबर की चूक, हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय समजत नाही.

मोजतात कसे?

प्रयोगशाळेत टर्बाइनची लहान प्रतिकृती बनवतात आणि चक्राखालची नळी पारदर्शक ठेवतात. पाण्यात काही मायक्रॉन आकाराचे कण मिसळून त्यांच्यावर लेझरचा पातळ पडदा टाकतात. अगदी कमी अंतराने दोन छायाचित्रे घेतली की कोणता कण किती सरकला ते दिसते आणि त्यावरून जागोजागचा वेग निघतो. या तंत्राला ‘पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री’ म्हणतात. भिंतीवर आणि थेट पात्यांवर बसवलेले संवेदक दाबाची नोंद घेतात.

नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातील जलशक्ती प्रयोगशाळा १९१७पासून सुरू आहे. तिने ‘फ्रान्सिस-९९’ या उपक्रमात आपल्या प्रतिकृतीची रचना आणि मोजमापे जगभरच्या संशोधकांना खुली केली. कोणीही संगणकावर आपले उत्तर काढावे आणि ते मोजमापाशी ताडून पाहावे, अशी ही योजना.

प्रतिकृतीवर किती विसंबायचे?

याच उपक्रमातील प्रतिकृती नॉर्वेच्या टोक्के केंद्रातील टर्बाइनच्या सुमारे एकपंचमांश आकाराची आहे. मूळ यंत्रावर ३७७ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, तर प्रतिकृतीवर फक्त १२ मीटरचा. सगळी प्रमाणे एकाच वेळी जुळत नाहीत. आकार आणि वेगाचे गुणोत्तर जुळवले तर पाण्याच्या चिकटपणाचा परिणाम जुळत नाही. वाफ कधी होईल, यासाठी दाबाची वेगळी जुळणी करावी लागते. म्हणून प्रतिकृती, संगणक आणि प्रत्यक्ष केंद्रातील मोजणी या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. तिघांपैकी एकही वगळून चालत नाही.

यावर उपाय काय?

धोक्याच्या टप्प्यातून यंत्र झटपट पुढे नेणे, हा सर्वांत साधा उपाय. चक्राखाली हवा सोडणे किंवा नळीत उभ्या पट्ट्या बसवणे हेही केले जाते. मात्र त्यामुळे कार्यक्षमता थोडी घटू शकते. फिरण्याचा वेगच बदलता येईल अशी यंत्रे हा महागडा पण परिणामकारक मार्ग. उत्तराखंडमधील टिहरीच्या १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात तो स्वीकारला आहे. कोणत्या यंत्राला काय लागू पडेल, हे मात्र मोजमापच सांगते.

महाराष्ट्राचा काय संबंध?

सह्याद्रीचे उंच कडे हे उदंचन प्रकल्पांचे, म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडण्याच्या योजनांचे, आदर्श ठिकाण. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प सुरू आहे आणि नव्या प्रकल्पांसाठी राज्याने अनेक कंपन्यांशी करार केले आहेत. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॉटचे चार संचही सर्वाधिक मागणीच्या वेळी वीज देण्यासाठीच आहेत.

या प्रकल्पांची चर्चा होते ती गुंतवणूक, मेगावॉट आणि जमीन यांचीच. त्यात आणखी एक अट हवी : यंत्राची चाचणी सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूपुरती न ठेवता ज्या ज्या भारावर ते चालणार त्या संपूर्ण पट्ट्यात व्हावी, संच सुरू झाल्यावर कंपनांची नोंद कायम राहावी आणि ती स्वतंत्र तज्ज्ञांना पाहता यावी. यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राला १९१६पासूनचा वारसा आहे, तर आयआयटी रुरकीत जल टर्बाइनची प्रयोगशाळा आहे. हजारो कोटींच्या प्रकल्पात मोजणीचा खर्च किरकोळच असतो. तो वाचवण्याच्या नादात काय गमवावे लागते, ते सायबेरियातील ७५ कुटुंबांना ठाऊक आहे.