उन्हाचे बळी मोजा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेली १४ माणसे उष्माघाताने दगावली. पारा चाळिशीच्या आतच होता; पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर आतून तापत जाते. हे मृत्यू उष्माघाताचे ठरले, कारण ते हजारोंच्या डोळ्यांदेखत झाले. चंद्रपूरचा एखादा बांधकाम मजूर दुपारी घरी येऊन पडतो आणि रात्री जातो, तेव्हा दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले जाते.

उन्हाळ्यात सरकारी दवाखाने उष्माघाताच्या रुग्णांची माहिती वर पाठवतात, संशयित मृत्यूंची छाननीही होते. मात्र वेळेवर ताप मोजला नसेल, तर नंतर शवविच्छेदनातूनही खात्रीचा पुरावा मिळणे कठीण. शिवाय ऊन बहुतेकदा आडून मारते. हृदयाचे, मूत्रपिंडाचे जुने दुखणे बळावते आणि मृत्यू त्या दुखण्याच्या नावावर जातो. खासगी दवाखान्यात गेलेला किंवा कुठेच न पोहोचलेला रुग्ण तर हिशेबातच नाही. निदानावर विसंबलेली ही मोजणी अपुरीच राहणार.

अहमदाबादने दुसरी वाट दाखवली. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी त्या महिन्यातल्या सर्व मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. कोण कशाने गेले, हा वाद घालत बसावे लागले नाही. त्या धक्क्यातूनच २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. अडचण वेळेची आहे: मृत्यू नोंदवायला कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे आणि उष्णतेची लाट चार दिवसांत काम उरकते. म्हणून शहरांत स्मशानभूमी-दफनभूमींकडून, गावांत आशाताईंकडून त्याच दिवशी फक्त संख्या आणि वय कळायला हवे. गावात कोण गेले हे आशाताईंना तासाभरात कळते. या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे, आधीच्याच मानधनात ते ढकलू नये. ही संख्या हवामान खात्याच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदींशेजारी मांडली, की कोणत्या तालुक्यात पाणी, सावली, रुग्णवाहिका आजच हवी आणि दुपारची कामे कुठे थांबवायची, हे जिल्हाधिकाऱ्यांना लाट ओसरण्यापूर्वीच कळेल.

कोविडकाळात महापालिका रोज मृत्यूंचे आकडे जाहीर करत होत्या. सरकारने येत्या मार्चपूर्वी निदान विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत ही मोजणी सुरू करावी आणि तालुकावार आकडे रोज जाहीर करावेत, मग ते कितीही अडचणीचे असोत.