दारातली सदाफुली आणि साखरेचा आजार

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत जा, एखाद्या तरी दारात सदाफुली दिसतेच. घरची माणसे ऊसतोडीला गेलेली, दाराला कुलूप, पाणी घालणारे कोणी नाही. तरी हे झुडूप फुललेले. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणून ते आम्हाला आपल्यातलेच वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ गाव फार लांब, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर.

आमच्या शेजारच्या एका काकांना साखरेचा आजार. "सदाफुलीची पाने उपाशीपोटी चावा, साखर जाते," असे कोणीतरी सांगितले आणि काकांनी गोळ्या बंद केल्या. गोळीला पैसे पडतात, पान फुकटचे! आम्ही हे ऐकले आणि गप्प बसलो. ती आमचीही चूक. पुढे पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला.

ही समजूत आपल्याकडचीच नाही. जमैका बेटावरही लोक साखरेसाठी या पानांचा काढा घेत. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांनी १९५० च्या दशकात उंदरांवर ते तपासले. उंदरांची साखर उतरली नाही. पण अर्क टोचताच रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या शोधातून कर्करोगावरची औषधे निघाली. त्यांपैकी व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात.

मग पाने चावायला काय हरकत, असे कोणी म्हणेल. हरकत आहे! शेकडो किलो पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते. तेही डॉक्टर मोजून शिरेतूनच देतात. पान हे औषध नव्हे, ते विषारी आहे.

एकच दावा. तिकडे तो तपासला म्हणून मुलांचे प्राण वाचले. इकडे न तपासता मानला म्हणून काकांचा अंगठा गेला.

तेव्हा सदाफुली दारात जरूर लावा. साखर मात्र सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. ऊसतोडीला निघताना भाकरीच्या पिठाबरोबर गोळ्याही बांधून घ्या. आणि शेजारी कोणी पाने चावताना दिसला, तर आमच्यासारखे गप्प बसू नका.