कॉफीचं यंत्र घेण्याआधी

बऱ्हाणपूर हे चहाचं गाव. केळीच्या बागा आणि यंत्रमाग चहावर चालतात; मराठी घरांत कॉफी होते ती पाहुण्यांसाठी, दुधात उकळून, वर जायफळ किसून. आता मात्र फ्रेंच प्रेसपासून वीस हजारांच्या एस्प्रेसो यंत्रापर्यंत सगळं फोनवरून घरपोच येतं, आणि ‘कॅफेचे पैसे वाचतील’ हे त्याचं ठरलेलं समर्थन असतं. हिशेब मांडला की बहुतेक घरांपुरतं ते लटकं पडतं.

आधी इंधन बाजूला काढू. कपभर पाणी उकळायला जेमतेम दोन ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचं सिलिंडर ९०० रुपयांचं धरलं तर हे झाले तेरा पैसे. साठ रुपये लिटरचं १०० मिलिलीटर दूध सहा रुपयांचं, आणि ते कुठल्याही पद्धतीत तेवढंच. खरा फरक पडतो पुडीत. स्टीलच्या फिल्टरमध्ये कपाला दहा ग्रॅम लागते. ८०० रुपये किलोच्या भावाने आठ रुपये. इन्स्टंट दोनच ग्रॅम पुरते, पण ५० ग्रॅमची बाटली २०० रुपयांना पडली तर तिथेही आठच. म्हणजे ‘इन्स्टंट स्वस्त’ ही समजूत लहान पुडीच्या किमतीमुळे झालेली. फ्रेंच प्रेसला पंधरा ग्रॅम जाडसर, बिनचिकोरीची कॉफी हवी. ती १,२०० रुपये किलोने घेतली की कप अठरा रुपयांवर जातो. आता भांड्याची किंमत पाहा. ५०० रुपयांचा फिल्टर रोज दोन कपांनी दहा वर्षं चालला तर कपामागे सात पैसे. वीस हजारांचं यंत्र पाच वर्षं रोज दोन कप देत राहिलं तर साडेपाच रुपये, पण हौस ओसरून आठवड्याला दोन कपांवर आलं की अडतीस, आणि त्यात पूड, दूध, दुरुस्ती धरलेली नाही.

कॅफेत एका कपाला दीडशे मोजावे लागतात, त्यापेक्षा हे स्वस्तच, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण ज्याचे ते दीडशे रोज खर्च होत होते त्याच्यापुरतंच. जो कप कधी विकत घेतलाच नव्हता, त्याचे पैसे वाचणार कुठून? चवीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. एस्प्रेसोचा दाट घोट फिल्टर देत नाही, हे मान्य; त्या चवीसाठी कुणी खुशाल पैसे मोजावेत, फक्त त्याला बचत म्हणू नये. फिल्टरच्या पुडीत चिकोरी असते, हीही तक्रार ऐकू येते. नियमाने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचून घ्यावं; ५३:४७चं पाकीट स्वस्त दिसतं ते जवळजवळ निम्मी चिकोरी असल्यामुळे.

फिल्टरचं एक दुखणं मात्र खरं आहे. दळलेल्या पुडीचा वास काही आठवड्यांत उडतो. आठवड्याला दोनदा कॉफी होणाऱ्या घरात पाव किलोचं पाकीट तीन महिने रेंगाळेल, आणि चिकमगळूरहून ताजी पूड मागवली तर पाठवणावळ वेगळी. अशा घराने इन्स्टंटची छोटी बाटली आणावी, किंवा थोडी पूड चहाच्याच पातेल्यात उकळून गाळावी. नवं भांडं लागतच नाही. रोज दोन कप होत असतील तर स्टीलचा फिल्टर घ्यावा. यंत्राचा विचार त्यानंतर, वर्षभर ती सवय टिकली तर करावा.