दार कोणी लावले?

'जबर कर लावा, बेबंद कारभार करा, मग लोक पळणारच!' कॅलिफोर्निया सोडून टेक्ससची वाट धरणाऱ्या मध्यमवर्गाविषयी हे निदान आपल्याकडेही मोठ्या आवडीने ऐकवले जाते. परवा आमच्या स्टाफरूममध्येही ते झाले. निदान सोपे आहे. म्हणूनच आम्हांला ते संशयास्पद वाटते.

स्थलांतर खरे आहे, हे आधी मान्य करू. २०२० च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील कॅलिफोर्नियाच्या जागा ५३ वरून ५२ झाल्या. १८५० साली संघराज्यात आल्यापासून या राज्याने जागा गमावण्याची ही पहिलीच वेळ. टेक्ससला मात्र दोन जागा अधिक मिळाल्या.

परंतु ज्या १३.३ टक्के आयकराचा एवढा गवगवा होतो, तो दर दहा लाख डॉलरांवरील उत्पन्नाला लागतो. शाळाशिक्षिका, परिचारिका, बसचालक त्याच्या आसपासही नसतात. त्यांना हाकलले ते घरांच्या किमतींनी. आणि या किमती आभाळातून पडलेल्या नाहीत.

बर्कली शहराने १९१६ साली काही वस्त्यांत एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असावे, असा नियम केला. पुढे तो राज्यभर रूढ झाला. १९७८ च्या 'तेराव्या प्रस्तावा'ने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि घर विकले जाईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, अशी हमी दिली. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांत जुना मालक नव्या मालकापेक्षा कितीतरी कमी कर भरतो. शेजारी नवी इमारत उठू नये म्हणून शहराच्या सभेत हरकत घेणारा हाच, आणि 'आमच्या मुलांना इथे घर परवडत नाही' म्हणून हळहळणाराही हाच! २०२१ मध्ये राज्याने अशा भूखंडांवर दोन घरांना परवानगी देणारा कायदा केला, तेव्हा अनेक शहरे पळवाटा शोधू लागली.

दार लावण्याची ही रीत तेथे जुनीच. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर पहारे बसवून निर्धन स्थलांतरितांना परत पाठवले होते. निर्धनाला राज्यात आणणे हा गुन्हा मानणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये रद्द केला. आज पोलिसांची गरज उरलेली नाही. घरभाड्याचा आकडा पुरतो.

मग टेक्सस स्वर्ग आहे काय? आयकर नाही, पण मालमत्ता कर चढा. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात, इतर राज्यांपासून बहुतांशी अलग राखलेली तेथील वीजव्यवस्था कोलमडली. त्या वादळात अधिकृत मोजणीनुसारच २४६ माणसे दगावली. तरीही तेथे घरे बांधू दिली जातात, हे श्रेय टेक्ससला द्यावेच लागेल. माणसे जातात ती त्यासाठी.

गिरगाव-परळमधून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकलेला मराठी मध्यमवर्ग आम्ही पाहिला आहे. 'त्यांना मोठी जागा हवी होती', असे म्हणून आपण मोकळे झालो. आपल्या फ्लॅटची किंमत किती पटींनी वाढली, हे लग्नसमारंभांत अभिमानाने सांगणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना कॅलिफोर्नियाला हसण्याचा अधिकार नाही. गेलेल्यांचा हिशेब मांडण्याआधी राहिलेल्यांना विचारले पाहिजे: दार कोणी लावले? आणि त्या कडीला आपलाही हात लागला आहे काय?