खरेदीला जाताना : गाडीतला भारी स्टिरिओ, पण कोणाच्या कानांसाठी?

मैत्रिणींनो, गाडीत नवा स्टिरिओ बसवायची चर्चा घरात निघाली की आपल्यापैकी पुष्कळजणी "ते तुमचं तुम्ही पाहा" म्हणून मोकळ्या होतात. पण हा खर्च एखाद्या चांगल्या फ्रिजच्या किमतीएवढा, कधी त्याहूनही जास्त असतो. फ्रिज घेताना आपण कप्पे ओढून पाहतो, वीज किती खातो ते विचारतो, दुकानदाराला अगदी भंडावून सोडतो. मग इथेच गप्प का बसायचं? गाडीत आपण बसतो, मुलं बसतात, सासूबाई बसतात. आता तर कितीतरी घरांत गाडी चालवतेही गृहिणीच. तेव्हा भारी स्टिरिओंची तुलना कशी करायची ते आज पाहू.

दुकानदार याला 'हेड युनिट' म्हणतो. फोन, पेनड्राइव्ह किंवा रेडिओ यांच्याकडून गाणं घ्यायचं, ते हवं तसं सुधारायचं आणि स्पीकरकडे पाठवायचं, एवढं या यंत्राचं काम. आवाज शेवटी स्पीकरच काढतो. गाडीतले मूळचे स्पीकर साधे असतील तर नुसता स्टिरिओ भारी घेणं म्हणजे पुरणात उत्तम जायफळ घालून पोळी करपवण्यासारखं आहे!

आधी जागा पाहा

डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या खाचेचं माप ठरलेलं असतं. जर्मनीत ठरलेलं हे माप पुढे आंतरराष्ट्रीय झालं, म्हणून त्याला अजून 'डिन' म्हणतात. सिंगल डिनचा दर्शनी भाग सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिनचा १८० बाय १०० मिलिमीटर. हल्लीच्या मोठ्या पडद्याच्या यंत्रांत मागचा भाग या खाचेत बसतो आणि पडदा पुढे तरंगता राहतो. सोनीच्या 'एक्सएव्ही-९५००ईएस'चा पडदा १०.१ इंचांचा, पण त्याला खाच लागते ती सिंगल डिनचीच. केनवुडचं 'डीएमएक्स१०५७एक्सआर'ही १०.१ इंची तरंगत्या पडद्याचं. दिसतं झोकदार, पण आपल्या गाडीत त्या पडद्यामागे एसीची जाळी किंवा चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण झाकलं जात नाही ना, हे पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून डॅशबोर्डवर धरून पाहा. पैसे देण्याआधीच, बरं का!

नव्या गाड्यांत पुष्कळदा पडदा डॅशबोर्डमध्येच गुंफलेला असतो. एसी आणि गाडीच्या इतर सोयीही त्यातूनच चालतात. तो उपटून काढायच्या फंदात पडू नका. तोच पैसा चांगल्या स्पीकरवर आणि अॅम्प्लिफायरवर लावा.

खोक्यावरचे वॅट

"ताई, पन्नास वॅट गुणिले चार!" असं दुकानदार अभिमानाने सांगतो. आपण हिशेब करून पाहू. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकर बहुधा ४ ओहमचा. एवढ्या दाबावर न फाटता निघणारी शक्ती गणिताने एका स्पीकरमागे फार तर २६ वॅट. प्रत्यक्षात काही वाया जातेच, त्यामुळे हाती बहुधा १५ ते २२ वॅट लागतात. खोक्यावरचे पन्नास हे क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात. तुलना करायची तर 'आरएमएस' वॅटचा आकडा विचारा. स्वस्त आणि भारी यंत्रांत या बाबतीत फारसा फरक नाही, हे तेव्हा आपोआप कळेल.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

पहिलं, प्री-आउटचे. वेगळा अॅम्प्लिफायर जोडायचा तर त्याला संदेश पाठवणाऱ्या या जागा. साध्या यंत्रात तो संदेश २ व्होल्टचा असतो. अल्पाइनच्या 'हॅलो९' यंत्रांत ४ व्होल्टचा, वर सांगितलेल्या सोनीत आणि केनवुडमध्ये ५ व्होल्टचा. संदेश जोरकस असला की वाटेत मिसळणारी इंजिनाची घरघर त्यामानाने कमी ऐकू येते. पण तुम्ही अॅम्प्लिफायर लावणारच नसाल तर या पाच व्होल्टांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

दुसरं, पडद्याचे आणि फोन जोडण्याच्या सोयीचे. कारप्ले २०१४ साली आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ साली गाड्यांत येऊ लागलं. आता ती बिनवायरचीही मिळतात. रस्ता दाखवणं, फोन घेणं यासाठी ही सोय खरोखर चांगली. मात्र गाणं कानाला गोड लागण्याशी पडद्याच्या आकाराचा संबंध नाही. पायोनियरचं 'डीईएच-८०पीआरएस' पाहा : मोठा पडदा नाही, सिंगल डिनचं सीडीवालं यंत्र. तरी त्यात ५ व्होल्टचे तीन जोड प्री-आउट आणि आवाज जुळवायला माइकही सोबत. आवाजाच्या शौकिनांनी ते डोक्यावर घेतलं ते उगाच नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज जुळवण्याचे. हे नीट समजून घ्या, कारण भारी यंत्राची खरी करामत इथेच असते आणि घरातली खरी मेखही इथेच!

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा, उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दाराचा १४० सेंटिमीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज जवळजवळ पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकानेही गाणारी उजव्या दारात बसून गाते आहे असं वाटतं. चांगलं यंत्र उजव्या स्पीकरचा आवाज तेवढाच रोखून धरतं. मग दोन्ही आवाज बरोबर पोचतात आणि गाणारी समोर, काचेच्या मध्यावर येऊन बसते. याला 'टाइम अलाइनमेंट' म्हणतात. एकदा ऐकलंत की विसरणार नाही.

पण हे जुळवणं एकाच आसनासाठी असतं! चालकाच्या कानाला जुळवलं की डावीकडे बसणारीसाठी आवाज उलट आणखीच बिघडतो. तिच्या जवळचा स्पीकर तसाच आधी बोलतो आणि लांबचा मुद्दाम उशीर करून येतो. मागच्यांची तर गोष्टच सोडा. म्हणून दुकानात नुसतं "टाइम अलाइनमेंट आहे का?" एवढंच विचारू नका. "उजवं आसन, पुढची दोन्ही आसनं आणि सगळी गाडी अशा वेगवेगळ्या जुळवण्या साठवून ठेवता येतात का, आणि एका बटणासरशी बदलता येतात का?" असं विचारा. एकटं कामावर जाणाऱ्याने आपली जुळवणी लावावी, सगळे गावाला निघालो की सगळ्यांची.

ऐकून पाहायची रीत

१. स्वतःच्या ओळखीची दोनच गाणी पेनड्राइव्हवर न्या : एक संथ, एका आवाजाचं, दुसरं ढोलकी-तबल्याचं.

२. दोन्ही यंत्रं त्याच स्पीकरवर ऐकवायला सांगा. स्पीकर बदलला की तुलना संपली.

३. आवाजाची पट्टी दोन्हीकडे सारखी ठेवा. जरासा मोठा आवाज आपल्या कानाला उगाचच चांगला वाटतो, आणि विकायचं यंत्र थोडं मोठ्याने लावायची युक्ती जुनीच आहे.

४. बास-ट्रेबल शून्यावर आणून ऐका. मग डोळे मिटून गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ कळतात का, ते पाहा.

५. शक्य असेल तर प्रत्येक आसनावर बसून ऐका.

६. पडद्याकडे न बघता आवाज कमी करता येतो का, ते करून पाहा. फिरवायची मूठ किंवा हाताला लागणारं बटण असलेलं बरं. उन्हात पडदा दिसतो का, हेही दुकानाबाहेर नेऊन पाहा.

'हाय-रेझ'च्या सोनेरी चिठ्ठीला मात्र फार भुलू नका. चालत्या गाडीत टायर आणि वारा यांचा गोंगाट एवढा असतो की हा बारीक फरक त्यात बुडून जातो. साध्या ब्लूटूथवर गाणं दाबून-चेपून जातं, तेव्हा आधी वायरने किंवा पेनड्राइव्हने ऐकून पाहा. 'एलडॅक' या सुधारित ब्लूटूथची मोठी जाहिरात असते. पण आयफोनवर ते चालत नाही, हे घरात आयफोन असल्यास ध्यानात ठेवा.

बसवताना डोळ्यांत तेल घाला

परदेशातून कोणाकडून यंत्र मागवलं असेल तर त्यात भारताचा विभाग निवडता येतो का, ते आधी विचारा. अमेरिकेत मिडियम वेव्हची केंद्रं १० किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. त्यांची एफएम केंद्रंही १००.९, १०१.१ अशी विषम आकड्यांवरच असतात. मग पुण्याची १०१ वरची विविध भारती नीट लागेल कशी?

मूळच्या वायरी कापू देऊ नका. गाडीच्या जोडाला बसणारा कपलर मागा. वायर कापली तर गाडीच्या वॉरंटीवरून पुढे वाद होऊ शकतो. पिवळी वायर कायम विजेची आणि लाल किल्लीबरोबर चालू होणारी, अशी नेहमीची रीत आहे. दोन्ही एकत्र पिळून टाकल्या तर यंत्र रात्रभर जागं राहून बॅटरी संपवतं. किल्ली काढल्यावर पडदा विझतो ना, ते तिथेच पाहा. अॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या जाड वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. नाहीतर वायर घासून उघडी पडल्यास आग लागायला वेळ लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणी आपणहून सांगत नाही. या यंत्रांना हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढल्याशिवाय पडद्यावर सिनेमा दिसू नये यासाठी ती असते. काही कारागीर "मुलांना कार्टून दिसेल" म्हणून ती वायर परस्पर बॉडीला जोडून टाकतात. मग चालत्या गाडीतही चालकासमोर चित्र हलत राहतं. "ही वायर जिथली तिथेच जोडा" असं स्पष्ट सांगा, आणि गाडी हलवायच्या आधी हँडब्रेक सोडून चित्र बंद होतं की नाही ते स्वतः पाहा. यात कोणाचीही भीड धरू नका.

एकूण काय, पैसे मोजके असतील तर मध्यम स्टिरिओ आणि उत्तम स्पीकर ही जोडी घ्या. अॅम्प्लिफायर लावायचाच असेल आणि आवाजाची हौस असेल तर जुळवणीची सोय असलेलं भारी यंत्र खुशाल घ्या. बिलावर यंत्राचा नंबर आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्यायला विसरू नका. आणि दुकानात चालकाच्या जागेवर बसून यंत्र पसंत झालं, की "आता मी मागे बसून ऐकते" असं म्हणा!