मुंबईचे जळके तेल आणि आपली जुनी पिकअप

जुन्नर-नारायणगावकडून किंवा निफाड-दिंडोरीकडून रात्री भाजी भरून निघालेली पिकअप पहाटे दादरला लागते. मालाची पट्टी हातात पडते, तेव्हा हमाली-तोलाई वजा जाता जे उरते, त्यातलाच मोठा घास डिझेल खाते. गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची. नवी घ्यायची ऐपत नाही, आणि जुनी विकायला काढली तर भंगाराचा भाव. अशा गाडीवाल्याला कोणी ‘बायोडिझेल टाका, स्वस्त पडेल’ म्हटले, की त्याचे कान टवकारणारच. प्रश्न एवढाच, की गाडीला ते चालते का?

चालते, पण कोणते आणि किती, हे नीट समजून घेतले पाहिजे.

खाद्यतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे खरे. पण साधे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. ते तसेच टाकीत ओतले तर नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. बायोडिझेल करताना या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढतात. शंभर किलो तेलाला साधारण दहा-अकरा किलो मिथेनॉल लागते आणि जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल मिळते. हे काम कारखान्याचे आहे. मिथेनॉल विषारी असते आणि पटकन पेट घेते. घरामागच्या पिंपात हा उद्योग कोणी करू नये.

आता जुन्या गाडीचे पाहू. जुनी टाटा ४०७, २०७ किंवा मॅटॅडोर यांची इंजिने तशी दणकट. इंधनातला थोडा फरक ती नव्या कॉमन रेल गाड्यांपेक्षा जास्त सोसतात. दुखणे असते ते रबरात. जुन्या नळ्या आणि सील बायोडिझेलने फुगतात, मऊ होतात आणि गळू लागतात. दुसरे असे, की बायोडिझेल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते. तो गाळ येऊन फिल्टर चोक होतो, आणि ऐन घाटात गाडी दम टाकते. म्हणून मिश्रण सुरू करण्याआधी टाकी धुवावी, नळ्या बदलाव्यात आणि पहिल्या काही फेऱ्यांत जादा फिल्टर जवळ ठेवावा. मिश्रण वीस टक्क्यांच्या वर नेऊ नये. सहा ते वीस टक्के मिश्रणासाठी भारतीय मानक आहे, क्रमांक आयएस १६५३१. आपली गाडी किती टक्क्यांना योग्य आहे, हे कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकला आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट शहरातला विक्रेता सांगणार नाही. पामतेलापासून केलेले शुद्ध बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते. डिझेलमध्ये मिसळल्यावर हा आकडा खाली येतो, पण धोका उरतोच. दादरला जे इंधन पाण्यासारखे वाहते, तेच निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे फिल्टरमध्ये मेणासारखे बसू शकते. शिवाय हे इंधन पाणी ओढते आणि सहा महिन्यांत जुने होते. म्हणून थंडीत प्रमाण कमी करावे, आणि बॅरल भरून साठा करू नये.

सर्वांत मोठी भीती मात्र भेसळीची. २०२०-२१ च्या सुमारास गुजरातेत आणि आपल्याकडेही बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकणारे पकडले गेले. केंद्राने एप्रिल २०१९ मध्ये विक्रीची नियमावली काढली आहे. तिच्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाकडून, पावतीशिवाय, टँकरच्या नळीतून मिळणारे इंधन घेऊ नका. लिटरमागे चार रुपये वाचवायचे आणि डिझेल पंप-नोझलला हजारो घालवायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी असा टँकर गावात दिसला, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला कळवावे.

मग चांगले बायोडिझेल यायचे कुठून? २००३ नंतर मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. लोकांनी बांधावर, पडीक रानात लावला. सांगितले तेवढे उत्पन्न मात्र निघाले नाही. पुन्हा तो खेळ नको. तेल मुंबईतच पडून आहे. लालबागच्या चिवडा गल्लीतल्या कढया, गिरगावातल्या खाणावळी, परळच्या कँटीन, दादरच्या वडापावच्या गाड्या पाहा. तळून तळून काळे झालेले तेल रोज निघते. त्यातले घातक घटक २५ टक्क्यांवर गेले, की ते खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाऱ्याने त्याचा हिशेब ठेवून ते अधिकृत संस्थेलाच द्यायचे आहे. हा नियम कसोशीने पाळला गेला नाही, तर तेच तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांकडे जाते आणि लोकांच्या पोटात उतरते. ते पोटाऐवजी टाकीत गेले, तर दोघांचेही भले.

इथेच शेतकऱ्याने आवाज उठवला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेताना, डिझेल-पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमण्यास सांगितले. शासनाने समिती नेमलीही. मुंबईकराला स्वच्छ हवा हवी, यात वाद नाही. पण भाजी आणणारी जुनी पिकअप एका आदेशाने नाक्यावर अडली, तर तिचा मालक नवी सीएनजी गाडी कोठून आणणार? वीस टक्के मिश्रणाने धूर कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. तो सगळा इलाज नाही, पण मधल्या काळाचा आधार नक्कीच आहे.

केंद्राच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट आहे. २०२३ पर्यंत आपण एक टक्काही गाठला नव्हता. तेव्हा मागणी साधी आहे. मुंबईतल्या वापरलेल्या तेलाचे तपासलेले मिश्रण पुणे आणि नाशिक रस्त्यांवरच्या तेल कंपन्यांच्या पंपांवर, पक्क्या पावतीवर मिळावे, आणि जुन्या शेतमाल गाड्यांना मुदत मिळावी. ग्रामसभांनी असे ठराव करून पालकमंत्र्यांकडे पाठवावेत. मुंबई आपली भाजी तळून खाते. तळून उरलेल्या तेलावर त्या भाजीची गाडी चालवायला तिने हरकत घेऊ नये.