समुद्रमार्गे निघालेला भगवा आणि प्रवरेचा धडा

डिसेंबर 2024 मध्ये 5.7 टन डाळिंबे समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाली आणि 13 जानेवारी 2025 रोजी सिडनीत उतरली. पाठोपाठ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे 14 टन भगवा डाळिंब, 4,620 पेट्यांमधून, पाच आठवड्यांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कला पोहोचले. दोन्ही खेपा ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या पुढाकाराने गेल्या. इतक्या दूरच्या बाजारात आजवर आपले डाळिंब जायचे ते मुख्यतः विमानाने, आणि विमानाच्या भाड्यातच नफा जिरून जायचा. समुद्राचे भाडे त्या मानाने फारच कमी पडते, फक्त फळाने महिना-दीड महिना तग धरला पाहिजे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सहभागाने झालेल्या चाचण्यांत योग्य हाताळणीनंतर भगवा 60 दिवसांपर्यंत टिकवता येतो, हे दिसले. हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले. म्हणजे वाण अहिल्यानगर जिल्ह्यातले, आणि राहाता, संगमनेर, श्रीगोंदा, पाथर्डीत डाळिंबाच्या बागाही आहेत. सिडनीची खेप मात्र सोलापूर भागातून भरली गेली. यात सोलापूरकरांबद्दल असूया वाटण्याचे कारण नाही. पुढच्या दहा वर्षांत या मार्गाचा पैसा आपल्या बागाईतदाराकडे यावा यासाठी जिल्ह्याने काय उभारायला हवे, याचा विचार मात्र आत्ताच व्हायला हवा.

निर्यातीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच बंदर, महामार्ग आणि अनुदानाकडे वळते. न्हावाशेवा 1989 पासून चालू आहे. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो आणि जून 2025 पासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत खुला आहे. (नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल.) खरी अडचण रीफर कंटेनरविषयीच्या एका गैरसमजात आहे. हा कंटेनर माल थंड करतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो थंड करून आणलेला माल थंड ठेवतो, एवढेच. त्याच्या फरशीतल्या खाचांमधून गार हवा वर जाते आणि पेट्यांमधून फिरून परत येते. पण दुपारच्या उन्हात तोडलेल्या 14 टन फळांच्या पोटातली उष्णता झटपट काढून घेण्याची ताकद त्या यंत्रात नसते. गरम फळ आत भरले तर त्याचा श्वसनवेग चढा राहतो, बाष्प सुटते, पेटीत ओल धरते आणि फळाच्या मुकुटात दडलेली बुरशी तिसऱ्या आठवड्यात भर समुद्रात डोके वर काढते. पलीकडे दार उघडते तेव्हा दोष जहाज कंपनीच्या माथी मारला जातो, नुकसान मात्र बागेपासून पॅकहाऊसपर्यंतच्या काही तासांत झालेले असते. शिवाय प्रत्येक फळाचे तापमान वेगळे. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास हवे, तर डाळिंब पाच अंशांच्या बरेच खाली फार दिवस ठेवले की साल तपकिरी पडते आणि दाणे फिके होतात. डाळिंब तोडल्यावर पिकतही नाही. तोडणीच्या दिवशी जो रंग आणि जी गोडी असेल, तीच शेवटपर्यंत.

म्हणून समुद्रमार्गाला लागणारी खरी गोष्ट म्हणजे बागांच्या जवळ असलेले प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेले फळ लगेच थंड करण्याची सोय, आणि पॅकहाऊस, आणि त्याहून अवघड म्हणजे ठरलेल्या जहाजाच्या ठरलेल्या वेळेआधी एकाच आकाराचा, एकाच रंगाचा, रासायनिक अंशांच्या तपासणीत उतरलेला कंटेनरभर माल. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला हे एकट्याने जमणारे नाही. वीस-पंचवीस बागाईतदारांना बहार एकत्र धरावा लागेल, फवारणीच्या नोंदी एकसारख्या ठेवाव्या लागतील आणि कोणाची बाग कोणत्या दिवशी तोडायची हे आधी ठरवावे लागेल. हे वर्णन या जिल्ह्यातल्या माणसाला ओळखीचे वाटायला हवे. उसाचेही असेच आहे. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर उतारा घसरतो, म्हणून कारखाना शेतांच्या जवळ हवा आणि तोडणीचा कार्यक्रम काटेकोर हवा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला, 1950 मध्ये गाळप सुरू केलेला आणि आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना आपण भांडवल आणि भागधारणेसाठी आठवतो. उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि वाहतुकीचे वेळापत्रक हे त्याचे दुसरे योगदान तितकेच मोठे होते. नाशवंत मालाची वेळ सामूहिकपणे सांभाळण्याचे शास्त्र या जिल्ह्याने सत्तर वर्षांपूर्वी आत्मसात केले; फळांना मात्र ते कधी लावलेच नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: व्यापारी बागेत येऊन शिवार सौदा करतो आणि माल उचलतो, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप खरा आहे, आणि देशांतर्गत बाजार चढा असेल त्या वर्षी माल देशातच विकावा. पण शीतगृहाच्या दारात उभा असलेला शेतकरी आणि तोडणीला आलेली बाग घेऊन उभा असलेला शेतकरी यांच्या सौद्यात फरक पडतो. थंड केलेले फळ पंधरा दिवस थांबू शकते. ही थांबण्याची मुभाच भाव ठरवते, मग माल न्यूयॉर्कला जावो की दिल्लीला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांदानिर्यात बंद केली. मे 2024 मध्ये ती उठवली तेव्हा 40 टक्के शुल्क लावले, आणि शुल्क पूर्णपणे हटायला 1 एप्रिल 2025 उजाडले. घोडेगाव आणि नगरच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्यांना याची किंमत सांगायला नको. त्याच हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि द्राक्षांचा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. दिल्लीच्या धोरणावर आणि समुद्रावर शेतकऱ्याचा इलाज नाही, हे मान्यच. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कांद्याइतके राजकीय ओझे डाळिंबावर नाही. आणि वाट लांबते तेव्हा तोडणीनंतर लगेच थंड झालेला मालच तग धरतो. मार्ग जितका बेभरवशाचा, तितकी पहिल्या दिवसाची शीतसाखळी मोलाची.

पाण्याचा प्रश्नही विचारला जाईल: अवर्षणग्रस्त तालुक्यांनी आपले पाणी फळांतून परदेशी का पाठवायचे? ठिबकवरच्या डाळिंबाला उसाच्या तुलनेत किती कमी पाणी लागते हे बघितले, की हा आक्षेप उलट उसाच्या दारात जाऊन बसतो.

सगळ्यात बोचरा आक्षेप सहकाराबद्दलचा आहे. इथल्या संस्था घराण्यांच्या झाल्या, त्यांच्या हातात पुन्हा नवे काही कशाला द्यायचे? याचे उत्तर नाकारण्यात नाही. ज्यांना कारखान्यावर विश्वास नाही त्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीचा रस्ता घ्यावा. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने तोच घेतला आणि द्राक्षनिर्यातीत स्वतःची जागा निर्माण केली. पण ज्यांचे कारखाने बरे चालतात, त्यांच्याकडे जमीन आहे, वजनकाटा आहे, गावोगावचे शेतकी कर्मचारी आहेत आणि अनेक ठिकाणी सहवीजनिर्मितीची वीज आहे. मृग बहाराची तोडणी हिवाळ्यात येते, म्हणजे नेमकी गाळप हंगामात, कारखान्याची वीज चालू असताना. हा योग वाया घालवणे परवडणारे नाही. हिशेब वेगळा, संचालक मंडळात डाळिंब उत्पादकांचे बहुमत, आणि प्रतवारी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, एवढ्या तीन अटी घातल्या तरी घराणेशाहीची बरीचशी भीती कमी होईल.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. त्या बहुधा एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या किमान दराच्या, घोषणा आणि जेवणावळींत उरकतात. राहाता, संगमनेर आणि श्रीगोंद्याच्या सभासदांनी येत्या सभेत एक ठराव लेखी द्यावा: कारखान्याच्या आवारात एका कंटेनरच्या क्षमतेचे प्रीकूलिंग आणि पॅकहाऊस, पुढच्या मृग बहाराआधी. अध्यक्षांनी तो विषयपत्रिकेवर घेतला नाही, तर का घेतला नाही हे सभेतच विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.